कुत्र्याच्या भयाचा इतिहास

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि खरे सांगायचे तर गेल्या तीस वर्षांत आम्ही ती अपेक्षा बहुधा पुरी केली आहे. आज मात्र आम्ही कुत्र्याविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. तथापि जळगावात किंवा धुळ्यात पहाटे पाच वाजता ज्याला कामावर निघावे लागते, त्याला तो हलका वाटणार नाही. रात्रपाळीहून सायकलवर परतणारा माणूस, दारोदार दूध घालणारा पोऱ्या, खांद्यावर खराटा टाकून गल्लीत शिरणारी सफाई कामगार बाई, यांची कुत्र्याशी रोज गाठ पडते.

आम्ही या विषयाकडे वळलो ते एका सभेतल्या प्रश्नामुळे. आमच्या कचेरीच्या पायरीशी एक भुरकट रंगाची कुत्री येऊन राहिली होती. पोरांनी तिचे नाव भुरी ठेवले. दिवसभर ती बाकाखाली अंग चोरून पडे. पण हातात काठी, झाडू किंवा खराटा घेतलेले कोणी दिसले की दात विचकून अंगावर धावे. एके पहाटे आमच्याच एका सभासद मावशीच्या पोटरीला तिने चावा घेतला. मावशींनी लस घेतली, आठवडाभर रजा झाली, आणि पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तिला भाकर घालतात, अन् ती आमच्यावर धावते. तुम्ही नेमके कोणाचे?" सभा हसली, पण आम्हाला हसू आले नाही. प्रश्न रास्त होता. एक सभासद म्हणाला, तिला दोन काठ्या घाला, सुधारेल. दुसरा म्हणाला, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, हाकलून द्या. हे दोनच मार्ग आहेत काय, असा आम्हाला प्रश्न पडला. आमचे शाळेतले शिक्षण फार नाही. जे काही आहे ते वाचनालयाच्या बाकावर झाले आहे. म्हणून सवयीप्रमाणे आम्ही पुस्तकांकडे गेलो. तिथे जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या महाराष्ट्राचे मन कुत्र्याविषयी मूळचेच दुभंगलेले आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, आपण त्यांना हात जोडतो. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी तर शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. त्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. आणि याच समाजात गल्लीतला कुत्रा दिसला की हात आपोआप दगडाकडे जातो. तसबिरीतला कुत्रा पूज्य, दारातला मात्र चोर, असा हा हिशेब आहे.

सरकारने या हिशेबात पैशाचा आकडा घातला तो इंग्रजी अमदानीत. मुंबईत उन्हाळ्याच्या ठराविक महिन्यांत मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. इ. स. १८३२ साली ही मुदत जूनपर्यंत वाढवली गेली. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई दारातले, पाळलेलेही कुत्रे मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृताला अखेरचे कुत्र्याच्या दृष्टीस घालण्याचा त्यांचा विधी आहे. ६ जून १८३२ रोजी, पारश्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटात लोकांनी कुत्रे मारणाऱ्या शिपायांना धरून चोपले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, हरताळ पडला, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारा शिधाही अडवला गेला. धरपकड झाली, लष्कर आले, खटले झाले. पुढे जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली आणि कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तोड निघाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या त्या १८८४ साली. म्हणजे त्याच्या ५२ वर्षे आधी या शहराने एक हरताळ पाहिला होता, आणि तो मजुरीसाठी नव्हे, कुत्र्यांसाठी होता. आमच्यासारख्या माणसाला ही गोष्ट वाचून नवल वाटावे, यात नवल नाही.

मात्र सरकारची भीती केवळ खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्या काळी उपाय नव्हता. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, तेव्हा हा अंधार फुटला. आपल्याकडे १९११ साली कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी जनावराच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शने आमच्या पिढीला आठवतात; नुसत्या आठवणीने बेंबी आकसते. ती लस २००४ नंतर देशातून गेली, आणि आता दंडावर थोड्याच सुया पुरतात. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे सत्य आजही बदललेले नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा; हळद, तिखट, चुना यांच्या नादी लागायचे नाही. पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते ऐकताना हे वाक्य विसरू नये.

या भयापोटी पुढची शंभराहून अधिक वर्षे गावोगावच्या नगरपालिका कुत्रे मारत राहिल्या. खानदेशातल्या एका नगरपालिकेत हे काम केलेले एक वृद्ध कामगार आम्हाला म्हणाले, "साहेब हुकूम देत, विषाचा तुकडा आमच्या हातून पडे, अन् शिव्याशाप आमच्या लेकरांना लागत." ते गल्लीत शिरले की कुत्रे त्यांच्या नुसत्या चालीवरून ओळखून पसार होत. दोन-चार महिन्यांत मोकळ्या जागी नवे कुत्रे येत, आणि पुन्हा हुकूम निघे. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. २००१ साली त्याखाली नियम झाले आणि मारण्याऐवजी नसबंदी व लस देऊन कुत्रा जागच्या जागी सोडावा असे ठरले. २०२३ साली ते नियम नव्याने आले. कायद्याने काठी खाली ठेवली खरी. पण काठीने कुत्र्याच्या मनात जे पेरले त्याचे काय करायचे, हे कायदा सांगत नाही. ते शोधण्यासाठी आपल्याला मुंबईहून थेट रशियात जावे लागते.

घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा इव्हान पावलोव्ह यांचा प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतो. ते कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करीत, आणि ते प्रयोग दयेचे नव्हते हेही सांगितले पाहिजे. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडला महापूर आला. कुत्र्यांच्या कोठडीत पाणी शिरले, पिंजऱ्यात ते छताला नाक लावून पोहत राहिले. पिंजऱ्यांची दारे खाली होती. कामगारांनी एकेका कुत्र्याचे डोके पाण्याखाली दाबून त्याला बाहेर ओढले आणि पोहवत प्रयोगशाळेत नेले. कुत्रे वाचले. पण काही कुत्र्यांत विलक्षण बदल झाला. महिनोन् महिने शिकवलेले सारे पुसले गेले. घंटा वाजली की पूर्वी लाळ सुटे, ती सुटेना. समोर ठेवलेले अन्नही ते घेईनात. तब्येत ठणठणीत होती, बिघाड मनात होता.

मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. ओळखीचा प्रयोग करणारा माणूस कुत्र्याजवळ त्याच खोलीत नुसता बसून राहिला, तर कुत्रा खाऊ लागे आणि शिकलेले परत येई. पुढे माणूस नसला आणि त्याचे कपडे आडोशाला ठेवले, तरी धीर पुरे. असे करीत कुत्रा पूर्ववत झाला. आणि एक दिवस त्यांनी दाराखालून थोडेसे पाणी खोलीत सोडले. वीतभर ओघळ तो काय. पण त्याबरोबर सारी भीती जशीच्या तशी परतली. ही हकीकत वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. भुरीच्या दृष्टीने आमच्या मावशींचा खराटा म्हणजे दाराखालून आलेले तेच पाणी होते. मावशींनी तिला कधी मारले नव्हते. कोणीतरी, कुठेतरी, केव्हातरी मारले होते.

योगायोग असा की त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने उलट बाजूची किल्ली शोधली. पीटर नावाचे जेमतेम तीन वर्षांचे मूल सशाला भीत असे. त्याला आवडीचा खाऊ देताना जोन्सबाईंनी पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. इतका दूर, की मुलाचे खाणे थांबू नये. रोज थोडे थोडे जवळ आणीत शेवटी मूल सशाला कुरवाळू लागले. मध्येच पीटर आजारी पडून इस्पितळात गेला, आणि परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर उडी घेत आला. झाले! सशाची भीती पुन्हा पहिल्यासारखी. बाईंनी न चिडता पुन्हा दुरून सुरुवात केली. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली हीच रीत माणसांच्या भयावर पद्धतशीरपणे मांडली, आणि आज भित्र्या कुत्र्यांसाठी जगभर जी रीत वापरतात ती मुख्यतः हीच होय.

तिसरा शोध १९६१ सालचा. फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी पिले माणसापासून दूर, कुंपणातल्या माळावर वाढवली, आणि वेगवेगळ्या वयाची पिले थोडे दिवस माणसाळायला बाहेर आणली. लवकर आणलेली सहज रुळली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न पाहिलेली पिले मात्र रानटीच राहिली. म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत पिलाच्या मनाचे दार उघडे असते. त्या दारातून जे आत येते ते आपले, नंतरचे सारे परके. साक्री तालुक्यातल्या ठेलारी मेंढपाळांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही. त्यांचे पिलू मेंढरांतच वाढते, म्हणून मेंढरू त्याला भाऊबंद वाटते.

एक चौथी गोष्ट आमच्या व्यवसायाच्या जवळची आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून लिहिले की कळपात राजा असतो आणि तो दहशतीने सत्ता चालवतो. मग लोक म्हणू लागले की कुत्र्याचेही तसेच. मालकाने त्याला दाबून, उताणे पाडून, आपण राजा आहोत हे दाखवावे. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने या मताला बळ दिले. पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर याच मेकसाहेबांनी १९९९ साली लिहिले की रानातला कळप म्हणजे साधे कुटुंब असते. पुढे चालणारे दोघे म्हणजे आई-बाप. आपलेच मत खोडून काढण्याचे धैर्य आम्ही पुढाऱ्यांत क्वचित पाहिले आहे. जन्माच्या अनोळखी लांडग्यांना एका पिंजऱ्यात कोंडले तर मारामारी होणारच. दोष लांडग्याचा नव्हे, कोंडण्याचा होता.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही मावशींकडे गेलो आणि चार महिन्यांची मुदत मागितली. तोवर त्यांच्या फेरीच्या वेळी भुरीला आतल्या खोलीत बांधून ठेवायचे कबूल केले. कारण आमचा प्रयोग त्यांच्या पोटरीवर व्हावा हे न्यायाचे नव्हते. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून तिची नसबंदी आणि लस करवून घेतली, अंगात कुठे दुखणे नाही हे पाहून घेतले. कारण दुखणाईत जनावर चिडके असते. मग रोज सायंकाळी कामाला लागलो.

रीत सोपी आहे, धीर अवघड आहे. गल्लीच्या दूरच्या टोकाला एक सभासद खराटा जमिनीवर ठेवून उभा राही. खराटा भुरीला दिसला की आम्ही तिला उकडलेल्या अंड्याचा तुकडा देत असू. खराटा दिसेनासा झाला की तुकडे बंद. क्रम महत्त्वाचा: आधी खराटा, मग अंडे. ती खात नसेल, तर आपण फार जवळ आहोत असे समजून मागे सरायचे. जीभ ओठांवरून फिरवणे, झोप नसता जांभई, कान मागे, शेपूट पायांत, मान वळवणे, ही सारी तिची भाषा. "पुरे, आता नको," असे ती म्हणत असते. पहिले दहा दिवस आम्ही तीस पावलांच्या आत गेलो नाही. मग पंचवीस, मग वीस. पुढे खराटा उभा धरला, मग हलवला, मग झाडायला लागलो, आणि प्रत्येक नव्या पायरीला पुन्हा थोडे मागे सरलो.

गुरगुरल्याबद्दल तिला कधी रागावलो नाही. पुष्कळांना हे पटत नाही. आम्ही त्यांना संपाचा दाखला देतो. संपाआधी संघटना नोटीस देते. जो मालक नोटीस फाडून टाकतो, त्याच्या दारात बिननोटिशीचा संप उभा राहतो. गुरगुरणे ही कुत्र्याची नोटीस आहे. ती मारून बंद पाडली, तर भय तसेच राहते आणि कुत्रा एक दिवस न गुरगुरता चावतो.

दुसऱ्या कुत्र्यांशीही तिचे जमत नसे. तिथे समोरासमोर भेट घडवण्याची घाई केली नाही. रस्त्याच्या एका कडेने ती, दुसऱ्या कडेने शेजारचा एक शांत कुत्रा, दोघांचे तोंड एकाच दिशेला, दोरी सैल. असे रोज चालवले. दोरी ताणली की कुत्र्याला पळायला वाट नाही असे वाटते, आणि वाट बंद झालेला प्राणीच अंगावर येतो. हळूहळू दोघांमधला रस्ता अरुंद केला.

दुसऱ्या महिन्यात एका पोराने तिला दगड मारला आणि सारे मुसळ केरात गेले. खराटा दिसताच ती पुन्हा बाकाखाली. पीटरची गोष्ट वाचलेली होती म्हणून आम्ही खचलो नाही. पुन्हा तीस पावलांवर गेलो. या खेपेला निम्म्या दिवसांत काम झाले. त्या पोरालाच आम्ही अंड्याचे तुकडे देण्याच्या कामाला लावले. तो आमचा सर्वांत नेकीचा कार्यकर्ता ठरला.

चौथा महिना संपता संपता मावशी स्वतः आल्या. कुत्रीकडे न बघता, आडव्या अंगाने, बाकावर बसल्या. खराटा पायाशी ठेवला. भुरी बाकाखालून आली, खराट्याचा वास घेतला, आणि त्यांच्या हातून अर्धी भाकर घेऊन परत गेली. मावशी एवढेच म्हणाल्या, "भेदरलेली होती बिचारी. आपल्याला आधी कळलं नाही."

पूर्ण बरी झाली असे आम्ही म्हणत नाही. उगारलेली काठी तिला अजून सोसत नाही, आणि मोर्चाच्या दिवशी झेंड्यांच्या काठ्या निघाल्या की आम्ही तिला आतल्या खोलीत ठेवतो. दिवाळीतही तसेच. भय समूळ जात नाही. त्याच्यावर विश्वासाचा थर चढतो, आणि तो थर जपावा लागतो. प्रत्येक कुत्र्याला हे साधेल असेही नाही. पिसाळल्याचा संशय असेल, किंवा कारण नसताना पुन्हा पुन्हा चावत असेल, तर ते काम नगरपालिकेचे आणि डॉक्टरांचे; तिथे हौशी माणसाने हात घालू नये.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की नसबंदी आणि लस झालेले कुत्रे आपापल्या जागी परत सोडावेत, मात्र पिसाळलेले वा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, इस्पितळे, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्रे हटवण्यास सांगितले. या आदेशांवर देशात बरीच कडाक्याची भांडणे झाली. एक बाजू म्हणते कुत्रे हटवा, दुसरी म्हणते प्रेम करा. पहाटेच्या फेरीवरच्या मावशींना दोन्ही घोषणांचा उपयोग नाही. आक्रमक म्हणून ज्याच्यावर शिक्का बसेल, त्यातला किती भाग भेदरलेला आहे हे पाहणारा माणूस गल्लीत हवा. नगरपालिकेने नसबंदी आणि लस वेळेवर करावी, पकडणाऱ्या कामगाराला जाळे, हातमोजे, त्याची स्वतःची लस आणि शिक्षण द्यावे, ही आमची मागणी आहेच. आपण नगरवासीयांनी करायचे ते याहून थोडे: गल्लीत पिले झाली तर पहिल्या तीन महिन्यांत मुलांना, बायांना, खराटेवाल्यांना त्यांची प्रेमळ ओळख करून द्यावी, मुलांच्या हातातला दगड खाली ठेवायला लावावा, अनोळखी कुत्र्याकडे डोळे रोखून पाहू नये, पळू नये, त्याला जायला वाट द्यावी.

१८३२ सालच्या आठ आण्यांत कुत्र्याचा जीव विकत मिळत होता. एक अंडे आज त्याहून महाग आहे, आणि चार महिन्यांत ती बरीच लागली. जमाखर्चाच्या वहीत आम्ही ती "सफाई कामगार सुरक्षा" या सदरात लिहिली आहेत. हिशेब तपासणीसांनी अद्याप हरकत घेतलेली नाही.